वेसाव्याचं इंजिन आणि धैर्यवानांचं सीमोल्लंघन

श्यामसुंदर धैर्यवान एका विमा कचेरीत आगीच्या दाव्यांच्या खात्यात होते. कुणाचं दुकान जळून खाक झालं की तिथे जायचं, राखेत छत्रीचं टोक खुपसायचं आणि 'याला आग म्हणता येईल का?' याचा शांतपणे विचार करायचा, हा त्यांचा व्यवसाय. यात हयात गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना नुसती वस्तू म्हणून दिसत नसे. अद्याप न पेटलेली वस्तू म्हणून दिसे. घरात स्टोव्ह लागला की ते अंगणात जाऊन उभे राहत. स्वतःच्या लग्नात होमाच्या वेळी त्यांनी भटजींना 'एवढं तूप लागतंच का?' असं विचारलं होतं, असं त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई सांगत.

अशा माणसाने मोटार बाळगावी हे जरा विचित्रच. पण त्यांची मोटार चालत नसल्यामुळे ते खपून जाई.

ही मोटार ठाकुरद्वारच्या मामांची. लढाईत पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा पुष्कळांनी गाडीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवून तिच्या धुरावर गाड्या चालवल्या. मामांनीही चालवली. लढाई संपली, मामा संपले, आणि इंजिन त्या दोघांच्याही आधी संपलं होतं. मामांच्या पश्चात गाडी भाच्याकडे आली ती बैलगाडीला बांधून. ती कोणत्या कंपनीची होती हे सांगता येत नाही. पुढची नावाची पट्टी वाटेत माहीमला गळून पडली, त्यामुळे कंपनीची बदनामी टळली.

जोगेश्वरीला घोडबंदर रस्त्यालगत धैर्यवानांचं कौलारू घर होतं. त्याच्या अंगणात ही गाडी दहा-बारा वर्षं उभी राहिली. श्यामराव दर रविवारी तिला पुसत, पितळी दिवे चिंचेने घासत, चाकं हाताने थोडी फिरवून ठेवत. शिटाचं कातडं त्यांनी दोनदा नवं केलं, टप नवा शिवून घेतला. आत इंजिन सोडलं तर ती गाडी अगदी नवी होती. रत्नप्रभाबाई तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालत आणि मागच्या शिटावर कांदे ठेवत. त्यांना त्या जागेवर झोपाळा हवा होता. झोपाळ्याचे दोन सागवानी खांब आणून भिंतीला टेकवून ठेवलेले होते, आणि गाडी हलेल या आशेवर तेही गाडीइतकेच जुने होत चालले होते.

छप्पन साली दसऱ्याला नेहमीप्रमाणे गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. आम्ही शेजारीपाजारी आपट्याची पानं द्यायला अंगणात जमलो होतो. रत्नप्रभाबाईंनी हाराकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दरवर्षी हार घालायचा, दरवर्षी ओवाळायचं, आणि जागचं हलायचं नाही. असा एक घरात आहे तेवढा पुरे झाला मला."

लोक हसले. श्यामराव हसले नाहीत. दाव्याचा निकाल देताना ते घसा साफ करत, तसा त्यांनी केला.

"पुढच्या दसऱ्याला," ते म्हणाले, "ही गाडी स्वतःच्या इंजिनावर मुंबईची हद्द ओलांडेल. सीमोल्लंघन करेल. नाही केलं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देईन आणि त्या जागी झोपाळा टांगेन."

"देवासमोर बोलताय," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांसमोर बोलतोय."

"मग झोपाळ्याच्या कड्या आणून ठेवा."

ही प्रतिज्ञा वाटते तेवढी भीष्म नव्हती. त्या काळी मुंबईची हद्द जोगेश्वरीशीच संपायची. गोरेगाव हा परमुलूख होता. धैर्यवानांच्या अंगणातून कुणी जोरात शिंकलं तर ती शिंक हद्दीबाहेर जायची. तेवढं अंतर जाण्यापुरतं इंजिन हवं होतं.

इंजिन शोधायचं काम गुणाजी मेस्त्रीकडे आलं. गुणाजी मालवणकडचा, परळच्या एका कापडगिरणीत फिटर म्हणून राबून निवृत्त झालेला. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला ठाम मत होतं आणि ते मत बदलल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"साहेब, काय्येक काळजी करू नकात," तो म्हणाला. "इंजिन म्हणजे काय? फिरता ता इंजिन. बाकी सगळा पत्रो."

पहिलं इंजिन त्याने दाखवलं ते अंधेरीच्या एका पिठाच्या गिरणीचं. गिरणीवाल्याने वीज घेतली होती आणि त्याला ते काढायचं होतं. आम्ही पाहायला गेलो. इंजिन उत्तम होतं. फक्त ते गाडीएवढं होतं. गुणाजीने दोरीने दोन्हीकडची मापं घेतली आणि बराच विचार करून सांगितलं की इंजिनात गाडी बसवता येईल. श्यामरावांनी दुसराच मुद्दा काढला. पिठाची धूळ हवेत साठली की पेटते, असे दोन दावे त्यांच्या टेबलावरून गेले होते. पीठ खाल्लेल्या इंजिनाची त्यांना हमी वाटेना.

दुसरं कुर्ल्याला, लष्कराचं जुनं सामान विकणाऱ्याच्या आवारात. जीपचं इंजिन. ते चालू केल्यावर शेजारची कोंबडी अंडं न घालताच उठून गेली. हे इंजिन बसत होतं, पण त्याचं ढुंगण चालकाच्या शिटापर्यंत येत होतं.

"मग चालवणाऱ्यानं बसायचं कुठे?" श्यामरावांनी विचारलं.

"टपार," गुणाजी म्हणाला.

"आणि पाय?"

"पाय खाली सोडूचे. हत्तीर बसतत तसे."

श्यामरावांनी इंजिनाकडे छत्रीचं टोक करून विक्रेत्याला विचारलं, "याने लढाई पाहिलीय का?" विक्रेता अभिमानाने म्हणाला, "बर्मा फ्रंट, साहेब! आगीतून आलंय!" तो बिचारा विकायला बोलला. श्यामरावांनी टोपी घातली आणि चालू लागले.

तिसरं इंजिन वेसाव्याला होतं. सुगंधा नावाच्या कोळणीच्या होडीचं. तिने होडीला नवं, मोठं इंजिन घेतलं होतं आणि जुनं वाळूत, बांबूच्या घोडीवर ठेवलेलं होतं. आटोपशीर, ताडपत्रीत गुंडाळलेलं, आणि त्याला बोंबलांचा असा वास होता की गुणाजीला गावची आठवण होऊन गहिवरून आलं.

"कसं आहे?" श्यामरावांनी विचारलं.

"मांज्या दादल्यासारका हाय," सुगंधा म्हणाली. "सकालचा उठवाला येल लागतं. शिव्या द्याव्या लागतान. पन एकदा उठला का मंग थांबवू नका. थांबवला तं परत झोपतंय."

"कधी दगा दिला?"

"नाय. यानं मांजी होडी दरवेल परत आनलीय. जावाला कुरकुरतंय, पन परत येवाला येकदम शाना."

या वाक्याकडे आम्ही कुणीच लक्ष द्यायला हवं तितकं दिलं नाही.

श्यामराव इंजिनाभोवती फिरले. वाकून वास घेतला, मागे सरले, पुन्हा घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली शांती आली.

"हे इंजिन," ते म्हणाले, "जन्मभर पाण्यात राहिलंय."

"व्हय," गुणाजी म्हणाला.

"म्हणजे ते भिजलेलं आहे. मुळापासून. पाण्यात मुरलेल्या वस्तूला आग लागल्याचा एकही दावा माझ्या कारकीर्दीत आलेला नाही. हेच घ्यायचं."

मोटारीचं इंजिन किती ताकदीचं, किती टिकाऊ, सुटे भाग मिळतील का, असे काही प्रश्न विचारण्याची पद्धत असावी. ते कुणी विचारले नाहीत. हद्द शिंकेच्या अंतरावर होती. गुणाजीने हँडल मारलं, सुगंधाने आवश्यक त्या शिव्या दिल्या, आणि बऱ्याच वेळाने इंजिन धडधडू लागलं. ते फिरत होतं. कुठल्या बाजूने फिरत होतं, हे पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गिरणीत चाक उलटं फिरलं तर पट्ट्याला पीळ घालून लावला की सुलटं फिरतं, त्यामुळे गुणाजीच्या दृष्टीने दिशा ही किरकोळ बाब होती.

गुणाजी इंजिन बसवत असतानाच, सत्तावन सालच्या फेब्रुवारीत, मुंबईची हद्द हलली. पश्चिमेकडे ती उचलून थेट दहिसरला नेऊन ठेवण्यात आली. लोक वर्तमानपत्र वाचून खूष झाले: आता दिवे येतील, नळ येतील. श्यामरावांनी बातमी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "निदान दसऱ्यापर्यंत थांबायला हरकत नव्हती."

मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आतला स्टोव्ह पेटलेला असूनही. यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"मी काय म्हणतो, मी बोललो तेव्हाची हद्द धरायची ना आपण?"

"तुम्ही 'जोगेश्वरीची हद्द' म्हणालात का 'मुंबईची हद्द'?"

"मुंबईची. पण अर्थ—"

"मागे त्या साबणवाल्याची वखार जळली, तेव्हा तो बिचारा अर्थच सांगत होता तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात? कागदावर जे शब्द आहेत ते आहेत. जेवताना मला तीनदा वाचून दाखवलेत. आता दहिसर."

श्यामराव बाहेर आले. स्वतःच शिकवलेल्या कायद्यात माणूस अडकला की त्याला अपील नसतं.

पाडव्याला गाडी पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं. आळी जमली. बॉनेटला हार, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं. गाडी पुढे जाऊन ती चिरडली की दृष्ट उतरते. गुणाजीने हँडल मारलं. वेसाव्याहून शिकून आलेल्या शिव्या त्याने मालवणीत भाषांतर करून दिल्या. इंजिन उठलं. सारं अंगण बोंबलांच्या वासाने भरून गेलं. श्यामरावांनी पहिला गिअर टाकला, पाय सोडला, आणि गाडी मोठ्या आत्मविश्वासाने मागे गेली.

झोपाळ्याचे दोन्ही खांब आडवे झाले. भिंतीला पोक आलं. लिंबं जशीच्या तशी राहिली. रत्नप्रभाबाईंनी त्यांचं सरबत करून मंडळींना दिलं.

"तुम्ही मागचो गिअर टाकलास," गुणाजी म्हणाला.

श्यामरावांनी पुन्हा पहिला टाकला. भिंतीचं पोक वाढलं. मग त्यांनी मागे जायचा गिअर टाकून पाहिला. गाडी पुढे सरकली, पण इतकी सावकाश की अंगणातलं मांजर तिच्यापुढून उठलं नाही, कुशीवर वळलं फक्त.

उलगडा झाला तो असा. इंजिन उलट्या बाजूने फिरणारं होतं. होडीचा पंखा त्याच बेताने घडवलेला असल्यामुळे सुगंधाला काही फरक पडत नव्हता. आमच्या गाडीला मात्र आता मागे जायचे तीन गिअर होते आणि पुढे जायचा एक, आणि त्या एकाने दहिसर गाठेपर्यंत दिवाळी झाली असती.

"दर्यात फुडे-मागे असा काय नसताच," गुणाजी म्हणाला. चूक समुद्राची होती.

त्याने उपाय सुचवले. शिटं उलटी बसवावीत. पण मग गाडी वळवायचं चक्र पाठीमागे राहत होतं. इंजिनच फिरवून उलटं बसवावं. पण मग ते गाडीच्या नाकाशी जोडलं जात होतं, जिथे जोडण्यासारखं काही नव्हतं. पट्ट्याला पीळ घालावा. पण पट्टाच नव्हता. दुसरं इंजिन शोधायला कुर्ल्याला माणूस धाडला, तर ते जीपचं विकलं गेलं होतं. अंधेरीचं मोडीत निघालं होतं. बाहेरून नवं आणायला परवाना लागायचा, आणि तो मिळेपर्यंत हद्द कदाचित सुरतेला गेली असती.

पावसाळाभर श्यामराव व्हरांड्यात बसून गाडीकडे पाहत राहिले. झोपाळ्याच्या कड्या आल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी त्या खिळ्याला टांगल्या होत्या आणि वारा आला की त्या वाजत. गणपती झाल्यावर एका रविवारी श्यामरावांनी गाडी पुसता पुसता मला विचारलं, "मी प्रतिज्ञेत गाडीचं तोंड कुठे असेल याबद्दल काही म्हणालो होतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मान मागे वळवायचा सराव करू लागले.

दसरा उजाडला. हार पुढे घालावा की मागे, यावर वाद झाला. शेवटी डिकीला घातला, कारण तीच आधी पोचणार होती. लिंबं मागच्या चाकांमागे ठेवली. श्यामराव चक्राशी बसले, मान पूर्ण मागे. त्यांच्या शेजारी गुणाजी, मांडीवर पाण्याची कळशी, कारण इंजिनाला अजून समुद्राची सवय होती आणि त्याला तहान फार लागे. मागच्या शिटावर, कांदे बाजूला सारून, रत्नप्रभाबाई आणि साक्षीदार म्हणून मी. बाईंनी शालू नेसला होता. निकाल त्याच देणार होत्या.

"वाटेत बंद पडली तर तिथेच सोडून यायचं हं," त्या म्हणाल्या. "भंगारवाल्याला हमाली कशाला?"

गाडी निघाली. लिंबं फुटली.

घोडबंदर रस्त्याने जोगेश्वरीहून दहिसरपर्यंत सबंध वाट उलट्याने जाणारी ती बहुधा पहिलीच मोटार असावी. पाठीमागून येणारे टांगे आमच्या समोर दिसत. टांगेवाल्यांना वाटे, गाडी आपल्या अंगावर येतेय. ते घोडा रस्त्याखाली घालत आणि मग गाडी लांबच जाताना पाहून तोंड उघडं टाकत. निघाल्या निघाल्याच आम्ही जुनी हद्द ओलांडली तेव्हा श्यामरावांनी एक उसासा टाकला. मालाडला सीमोल्लंघनाला निघालेला एक घोळका भेटला. त्यांनी आम्ही येतोय असं समजून हातात आपट्याची पानं धरली, आम्ही गेलो. एक म्हातारे गृहस्थ पानं घेऊन बरंच अंतर आमच्यामागून, म्हणजे आमच्यासमोर, धावत आले.

"थांबवा हो, सोनं देतायत!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"थांबवायचं नाही!" श्यामराव आणि गुणाजी एकदम ओरडले. "थांबली तर झोपेल!"

कांदिवली गेली. गुणाजी वाकून पाणी ओतत होता. बोरिवलीनंतर बाई बोलायच्या थांबल्या. त्या टेकून बसल्या होत्या, पदर सोडून दिला होता, आणि समोरून दूर दूर जाणारी झाडं, ताड, देवळाचे कळस पाहत होत्या. मला वाटलं, कंटाळल्या.

दहिसरला हद्दीची पाटी दिसू लागली. श्यामरावांना ती पाहताना मान अजूनच वळवावी लागली आणि त्यांच्या तोंडून एक कण्हणं निघालं. एवढ्यात रस्त्यात एक हवालदार उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

श्यामराव कायद्याला मानणारे. त्यांनी गाडी थांबवली. आणि सवयीने, मामांनी गाडी शिकवताना लावलेल्या शिस्तीने, इंजिन बंद केलं.

गुणाजीने कळशीत तोंड घातलं.

"कुठून आलात?" हवालदाराने विचारलं. "आणि ही काय बाजू झाली गाडी हाकायची?"

"जोगेश्वरीहून आलो," श्यामराव म्हणाले.

"गाडीचं तोंड कुठंय?"

"जोगेश्वरीकडे."

"मग जोगेश्वरीला चाललाय म्हणा ना! येडं समजता काय?"

"चाललो नाही. येतोय. म्हणजे जातोय."

हवालदाराने गाडीभोवती एक फेरी मारली. मग ठरवलं की ही मंडळी वसईकडची आहेत आणि मुंबईत चुकीच्या बाजूने शिरत आहेत. त्याने वही काढली. तोवर गुणाजी खाली उतरून हँडल मारत होता, शिव्या देत होता. पण इंजिन झोपलं होतं. सुगंधाने सांगितलंच होतं.

मी उतरून पाहिलं. पाटी गाडीच्या बरोबर कुशीत आली होती. मागची चाकं हद्दीपलीकडे होती, पुढची अलीकडे. डिकी ठाणे जिल्ह्यात होती आणि बॉनेट, म्हणजे ते इंजिनच, मुंबईत राहिलं होतं.

श्यामरावांनीही पाहिलं. वाकड्या मानेनेच पाहिलं. आयुष्यभर त्यांनी असेच दावे तपासले होते: आग भिंतीपर्यंत आली, पण भिंत ओलांडली का? आणि असे दावे त्यांनी नेहमी फेटाळले होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, रविवारी पुसताना ठेवत तसा, आणि म्हणाले, "नाही ओलांडली. अर्धी राहिली. उद्या भंगारवाल्याला निरोप देतो."

"एक मिनिट," गाडीतून आवाज आला.

रत्नप्रभाबाई मागच्या शिटावर जागच्या हलल्या नव्हत्या.

"मी कुठे बसलेय?"

"मागे," श्यामराव म्हणाले.

"मागे म्हणजे कुठे? कुठल्या जिल्ह्यात?"

श्यामरावांनी पाटी पाहिली. "ठाणे."

"इथवर मला कुणी आणलं? धक्का मारून आणलं? बैल लावले?"

"नाही. या इंजिनाने."

"मग झालं तर. बायकोला हद्दीपार केलंत, अजून काय करायचं राहिलं? गाडी किती ओलांडेल, अर्धी का सगळी, असं काही बोलला नव्हतात तुम्ही. मी नीट ऐकलं होतं. शब्द आहेत ते आहेत."

"पण इंजिन स्वतः अजून—"

"त्याला राहू दे मुंबईत. त्याला कुणी सीमोल्लंघनाचं आमंत्रण दिलं होतं?"

श्यामरावांनी टोपी काढली. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मान वाकडी असल्यामुळे जे काही ते बोलले ते शेजारच्या शेताला उद्देशून झालं.

हवालदाराने वही मिटली. "ते काही असो. जिथून आलात तिथे परत न्या ही गाडी," तो म्हणाला, आणि आम्ही वसईकडचे असं त्याचं पक्कं झाल्यामुळे त्याने स्वतः बॉनेटला खांदा देऊन गाडी सबंधच्या सबंध हद्दीबाहेर ढकलून दिली. अशा रीतीने उरलेली अर्धीही सीमेपलीकडे गेली, पण तिचा हिशेब कुणी धरला नाही.

हवालदार नजरेआड झाल्यावर आम्ही गाडी वळवली, परत जायचं म्हटल्यावर इंजिन एका हँडलला उठलं, आणि आम्ही परत आलो तेही पाठमोरेच. श्यामरावांच्या मानेला पुढे दिवाळीपर्यंत खोबरेल तेल चोळावं लागलं.

पुढच्या वर्षी गुणाजी एकदा धावत आला. भायखळ्याला अगदी तशाच दिसणाऱ्या एका गाडीचं, सरळ फिरणारं, अस्सल इंजिन त्याला सापडलं होतं. श्यामराव छत्री घेऊन उठले.

"बसा खाली," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्या अंगणात गाडीच्या मागच्या शिटावर बसून तांदूळ निवडत होत्या. संध्याकाळी त्यांना मालाडपर्यंत जायचं होतं. "हात लावायचा नाही त्या इंजिनाला. पुढे काय येतंय ते बघायची कटकट नाही, आणि गेलेलं सगळं कसं सावकाश, नीट दिसतं."

"अहो, पण माझी मान?"

"तिला काय झालंय? हळूहळू वळेल."

झोपाळ्याच्या त्या दोन खांबांचं पुढे गुणाजीने गाडीसाठी छप्पर घालून दिलं. कड्या उरल्या. त्या अजून खिळ्याला आहेत, आणि वारा आला की श्यामराव दचकतात.